बेलाचे साडेसहा हजार

शेल्टरचं ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून काढलेली खोली. आत एक टेबल, औषधांचा फ्रिज आणि भिंतीवर फळा. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: इंडी मोठे – फी नाही. इंडी पिल्लू – ५००. लॅब, बीगल, जर्मन शेफर्ड – ६,५००. पग, शी त्झू – ९,०००. आणि खाली लाल खडूनं, 'घासाघीस करू नये.'

इंडी म्हणजे आपली गावठी कुत्री. आम्ही तिघं तो फळा वाचत उभे राहिलो. मुलगा चौदा वर्षांचा आहे, या वयात जीभ जरा सैलच असते. "आई, हे तर मेन्यू कार्ड आहे," तो म्हणाला. शेल्टरच्या ताईंना ते ऐकू गेलं असणारच, पण त्यांनी मान वळवली नाही. सलाइनची बाटली उजेडात धरून किती राहिलंय ते त्या पाहत होत्या.

घरून आम्ही निघालो होतो ते तोऱ्यात. कुत्रं विकत घ्यायचं नाही, दत्तकच घ्यायचं, असं ठरलं होतं आणि ते ठरवल्याचं कौतुकही करून झालं होतं. मला लॅबच हवी आहे, हे मात्र मी कुणाला बोलले नव्हते. लहानपणी साताऱ्याला शेजाऱ्यांकडे एक लॅब होता, त्याच्या पाठीवर डोकं ठेवून मी अभ्यास करायची. त्यामुळे पिंजऱ्यांच्या रांगेतून जाताना माझी नजर सत्तर-ऐंशी गावठी कुत्र्यांवरून सरकत गेली, लग्नाच्या हॉलमध्ये मुलाकडच्या अनोळखी पाहुण्यांवरून सरकते तशी. तीन पायांचा एक काळू जाळीला नाक लावून उभा होता. त्याच्याही पुढे गेले. शेवटून तिसऱ्या पिंजऱ्यात ती होती.

फिकट बिस्किटी रंग. आम्ही जवळ गेलो तरी उठली नाही, डोकं भिंतीला टेकवून बसून राहिली. डॉक्टरांनी दातांवरून वय सहाएक वर्षं ठरवलं होतं. पोटाखाली सड लोंबत होते. दोन्ही कोपरांवरचे केस गेलेले आणि तिथे जाड काळे घट्टे. "सिमेंटवर बसून बसून," ताई म्हणाल्या. कितीदा व्याली असेल विचारलं, तर म्हणाल्या, "सात-आठ वेळा तरी. प्रत्येक माजाला लावलेली दिसतेय."

कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आपल्याकडे २०१७ साली आले. मादी दीड वर्षाची होईपर्यंत पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतर घ्यायची नाहीत, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचाच्या वर नाही, आणि ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, नंतर चिडून वाचत बसले तेव्हा कळलं. बेला ज्याच्याकडून आली त्यानं ते चिडूनसुद्धा वाचले नसावेत.

(बेला हे नाव शेल्टरनं दिलेलं. तिचं आधीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. असलंच तर.)

फॉर्म चार पानी होता. मुलाच्या अकरावीच्या प्रवेशालासुद्धा इतकं विचारतील असं वाटत नाही. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर घरमालकाची सहीची चिठ्ठी. बाल्कनीला जाळी आहे का? दिवसातले किती तास कुत्रं एकटं राहील? दिवाळीत गावाला जाता, तेव्हा काय? आधी कुत्रं पाळलं असेल तर ते कशानं गेलं? घरात बाळ आलं तर या कुत्र्याचं काय कराल? सोसायटीबद्दलही एक रकाना होता, पण ताई म्हणाल्या, त्याची काळजी करू नका. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची तशी २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्याची प्रत त्या वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना वाटत असतात. घरमालकापुढे मात्र त्यांचंही काही चालत नाही.

मग फोन आला. बोलणारी मुलगी स्वयंसेवक होती, आवाज गोड, गप्पा मारल्यासारखं विचारणं. वीस मिनिटांनी मधेच म्हणाली, "मादीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत म्हणतात ना, काकू?" मी म्हटलं, "तिला झालीत तेवढी पुरेत." पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. हा प्रश्न सापळा असतो हे मला महिन्याभरानं त्याच मुलीनं सांगितलं. बेलाचा फोटो टाकला त्या संध्याकाळी तिला बरेच फोन आले आणि त्यातल्या कित्येकांचं पहिलं वाक्य एकच: "नसबंदी झालीये का?" झालेली नाही म्हटलं की, "मग आजच गाडी पाठवतो." घरात लहान मुलं आहेत, त्यांना लळा लागेल, वगैरे नंतर. म्हणून तिथे ऑपरेशनचे टाके निघेपर्यंत एकही मादी बाहेर जात नाही.

घर बघायला दोन मुली आल्या. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर टेपनं मोजलं, फिनेल कुठे ठेवता ते पाहिलं, मुलाला 'हिला फिरवायला कोण नेणार' असं विचारून तो कुणाकडे बघतो ते पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. सासूबाईंचं मत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुत्रं माझ्या देवघरात पाऊल टाकणार नाही, एवढं लिहून घ्या." एका मुलीनं ते खरंच लिहून घेतलं. सासूबाई तिथेच विरघळल्या.

इथवर सगळं मला पटत होतं. अडलं ते फीपाशी.

साडेसहा हजार आम्हाला जड नव्हते, खोटं कशाला बोलू. पण मनात ते टोचत राहिलं. पलीकडच्या पिंजऱ्यातला काळू फुकट आणि ही साडेसहा हजारांची, मग दुकानात आणि इथे फरक काय? जनावराची किंमत त्याच्या जातीवर ठरते हे जर चूक असेल, तर ते शेल्टरमध्येही चूकच. नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्याचा मुद्दा वेगळा. त्यानं नमुन्याची पावती मागून घेतली आणि चष्मा कपाळावर सारून वाचली: 'स्वेच्छा देणगी.' "स्वेच्छा?" तो म्हणाला. "मग मी स्वेच्छेनं दोन हजार दिले तर चालतील?" ताई म्हणाल्या, "मग कुत्रं नाही मिळणार." नवरा म्हणाला, "म्हणजे ही देणगी नाही, किंमत आहे." आणि वर, रोखीनं दोन हजारांपुढच्या देणगीला ८०जीची करसूट मिळत नाही हेही त्यानं त्यांना सांगितलं. कुठे काय बोलावं याचं भान त्याला कधी नव्हतंच.

ताई मात्र चिडल्या नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी लाल कव्हरची वही काढली, बेलाचं पान उघडलं आणि आमच्यापुढे सरकवली. आली तेव्हा गोचीड ताप, प्लेटलेट्स तळाला. अठ्ठावीस दिवस डॉक्सीच्या गोळ्या, त्यात तीनदा रक्त तपासलेलं. ताप गेल्यावर नसबंदी, आणि पोट उघडलं तर गर्भाशयात पू धरायला लागलेला. आणखी महिनाभर तशीच राहिली असती तर आपण बोलत नसतो, ताई म्हणाल्या. मग नाईन इन वन आणि रेबीजची लस, जंतांचं औषध. बेरीज अकरा हजार चारशे झाली होती, आणि त्यात दोन महिन्यांचा भात आणि कोंबडीचे पाय धरलेले नव्हते.

"म्हणजे बेला तोट्यात," नवरा म्हणाला, जरा खालच्या आवाजात.

"लॅब नेहमी तोट्यात. शी त्झू वर काढतात. फ्लॅटमधून येतात, लशी झालेल्या असतात, केस कापले की दुसऱ्या दिवशी फोटो टाकता येतो. काळूचा पाय कापला ना, ते दोन शी त्झूंच्या पैशांत."

मी विचारलं, मग लॅबला साडेसहा आणि शी त्झूला नऊ हे कसं ठरलं?

"मागणी," ताई म्हणाल्या. एवढंच.

मला हे उत्तर आवडलं. पण मग फळ्यावर हेच लिहा ना, असं मी म्हटलं. 'या पैशांतून इतर कुत्र्यांचा खर्च चालतो' असं एक वाक्य. लोक देतील, उलट बरं वाटून देतील. देणगी म्हणून सक्तीनं घ्यायचं आणि लोकांनी विचारलं की 'पैसे मोजले की माणसाला किंमत राहते' असं सांगायचं, हे बरोबर नाही. हे वाक्य मी त्या महिन्यात निदान चार जणांकडून ऐकलं: फुकट मिळालेल्याची किंमत नसते, म्हणून फी. मला ते कधीच पटलेलं नाही. अमेरिकेत २००९ साली मांजरांवर एक अभ्यास झाला होता. फी माफ करून दिलेल्या मांजरांवर लोकांचा जीव फी भरून नेलेल्या मांजरांपेक्षा काही कमी नव्हता. आपल्याकडे तर अभ्यासाचीही गरज नाही. आपल्या आज्यांनी दारात आलेली कुत्री-मांजरं आयुष्यभर सांभाळली, त्यांचे कुणी पैसे मोजले होते? आणि महागाची विकत घेतलेलीच तर या पिंजऱ्यांत येऊन पडतात. बेलाही कधीतरी कुणीतरी पैसे मोजूनच घेतली असणार.

फीमुळे ब्रीडर येत नाहीत, हेही खरं नाही. साधा हिशोब आहे. कागदपत्रं नसलेलं लॅबचं पिल्लू दहा-बारा हजारांना सहज जातं. एका वेताला सात-आठ पिल्लं. जो माणूस या व्यापारात आहे त्याला साडेसहा हजार म्हणजे बी-बियाण्याचा खर्च. त्याला अडवतं ते ऑपरेशन, आणि त्या गोड आवाजाच्या मुलीचा फोन.

ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग सगळ्यांना सारखी फी का नाही, दीड-दोन हजार सरसकट, या माझ्या प्रश्नावर म्हणाल्या, "मग इंडीला जी दोन-चार घरं मिळतात तीही जातील." मी वाचलेलं आणखी एक सांगितलं, की फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीच्या शेल्टरनं २०१४ साली पिंजऱ्यावरच्या कार्डावरून जात लिहिणंच बंद केलं आणि जास्त कुत्री घरी गेली, पिटबुलसारखी दिसणारीही आणि बाकीचीही. ताई हसल्या. "काढते की. पण पाटी काढली म्हणून लॅब काय गावठी दिसणारे?"

त्याच आठवड्यात त्यांनी एक शी त्झू नाकारलेला मी डोळ्यांनी पाहिला. मोठ्या गाडीतून आलेलं कुटुंब, मुलीचा शनिवारी वाढदिवस, 'नऊ काय, बारा घ्या, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्या.' ताईंनी फॉर्मही पुढे केला नाही. वाढदिवस संपला की कुत्रं उरतं, असं काहीतरी पुटपुटल्या. तेव्हा त्या पैशासाठी करतात असं मी म्हणणार नाही. पण त्या फळ्यापुढे माझा मुलगा उभा राहिला आणि कुठलं कुत्रं किती मोलाचं हे त्यानं एका नजरेत वाचलं, हेही तितकंच खरं.

गावठी कुत्र्यासाठी निदान एक वाट असते. २०२३ च्या नियमांत आहे की नसबंदी आणि रेबीजची लस झाली की त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. त्याची गल्ली असते, चहावाला असतो, वडापावची गाडी असते. लॅबला तसं सोडलं तर आठवडाभरात गाडीखाली येईल किंवा दुसऱ्या कुत्र्यांकडून फाडली जाईल. म्हणून या जातिवंतांना घर मिळेपर्यंत पिंजराच. पगचं तर विचारूच नका. २००३ च्या सुमाराला हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो मुलाच्या मागे मागे धावला आणि घरोघरी पग झाले. ताईंकडे तेव्हा दोन होते, दोघंही धापा टाकत झोपायचे, त्यांच्या घोरण्यावरून शेड ओळखता यायचं.

दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा बेलाच्या पिंजऱ्यापाशी एक माणूस उकिडवा बसला होता. खाकी शर्ट, पन्नाशीचा. स्टीलच्या डब्यातून चपातीचे तुकडे करून जाळीतून आत देत होता. भिंतीला डोकं टेकवून बसणारी बेला जाळीला चिकटून बसली होती. तो तिला 'ढवळी' म्हणत होता.

त्यानंच तिला आणलं होतं. वारज्याला पुलाखाली खांबाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली, पुढ्यात पार्लेजीचा फोडलेला पुडा. सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, रात्री शेवटचं भाडं सोडून परतताना पाहिली तेव्हा त्यानं दोरी कापली आणि तिला रिक्षात घातली. दोन महिने झाले, दर रविवारी येतो.

असं बांधून सोडणं गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात कलम ११ आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. आकडा चुकलाय असं वाटून मी दोनदा पाहिलं. टाकून द्यायला पन्नास आणि उचलून न्यायला साडेसहा हजार.

"तुम्हीच का नाही घेत?" मुलानं त्याला थेट विचारलं. मी त्याला डोळे दाखवले. रिक्षावाले काका हसले, म्हणाले, "एक खोली आहे बाळा, चार माणसं." आणि डबा पुसत उठले.

परतताना गाडीत मी ताड ताड बोलत सुटले. ज्यानं वाचवली, जो दर रविवारी पेट्रोल जाळून चपात्या घेऊन येतो, त्याला कुत्रं नाही. आणि ज्यांच्याकडे बाल्कनीची जाळी आणि साडेसहा हजार आहेत त्यांना आहे. चार पानी फॉर्म म्हणजे शेवटी उत्पन्नाचा दाखलाच की. नवरा म्हणाला, "मग आपण नको घेऊया का?" त्यावर मी गप्प बसले. ती मला हवी होती.

टाके निघाले त्या दिवशी नवऱ्यानं यूपीआयनं साडेसहा हजार भरले. पावतीवर 'स्वेच्छा' होतंच. त्यानं तो शब्द पेनानं खोडून पावती पाकिटात ठेवली, अजून आहे.

घरी पहिले चार दिवस बेला जिन्यापाशी थांबायची. पायरी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आयुष्यात चढलीच नसावी. मुलानं एकेका पायरीवर चिकनचा तुकडा ठेवून दोन मजले शिकवले. चादर अंथरली तर चादर सोडून फरशीवर बसायची. एकदा पावसात भिजून आल्यावर मी मागून टॉवेलनं पुसायला गेले आणि तिच्या शेपटीखाली हात गेला. ती जागच्या जागी ताठ झाली. पाय फाकवून, मान खाली घालून, पुतळ्यासारखी. पळाली नाही, गुरगुरली नाही. सवयीनं उभी राहिली. मी टॉवेल टाकून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. आता तिला फक्त समोरून पुसतो, घरात तसा नियमच आहे.

देवघराच्या उंबऱ्यावर ती हनुवटी ठेवते. पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात, लिहून दिलंय ना, पाळतेय.

महिन्याभरानं मी ताईंकडून नंबर घेऊन रिक्षावाल्या काकांना बोलावलं. रविवारी अकरा वाजता गेटपाशी रिक्षा लागली. आम्ही बेलाला खाली नेलं. त्यांनी हाक मारायच्या आतच ती माझ्या हातून पट्टा ओढून गेली आणि थेट रिक्षात, मागच्या सीटवर चढून बसली. जिन्याला चार दिवस लागले होते. ही पायरी तिला येत होती.

काका बराच वेळ तिचे कान चोळत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्याकडून किती घेतले?"

मी सांगितलं. सांगताना लाज वाटली, आणि ती लपवायला म्हणून मी फळ्यावर, फॉर्मवर, पावतीवर बोलत सुटले. तुमच्यावर अन्यायच झाला, असंही म्हणाले.

"नाही हो," ते म्हणाले. "मला ताईंनी फुकट दिली होती. कागदसुद्धा त्यांनीच भरला. त्या स्वतः आल्या होत्या मालकाकडे, दोनदा. मालकानं चिठ्ठी दिली नाही. म्हणाला कुत्रं आणलं तर खोली सोड."

मी काही बोलले नाही. बेलानं डबा हुंगला.

"चपाती देता का हिला?" त्यांनी विचारलं. "तुपाची नका देऊ, वजन वाढलंय."